झोपून राहण्याचा पुरावा

पौडच्या बाजारपेठेत माझा दवाखाना होता. एका गाळ्याचे दोन भाग केलेले, पुढे बाकडी आणि मागे तपासायचं टेबल. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात डाग दिसतोय म्हणून एखादी बाई आली की मी जे सांगत असे, ते इतक्या वेळा सांगून झालं होतं की बोलताना माझं लक्ष पुढच्या पेशंटकडे असे. पूर्ण झोपून राहायचं. संडासापुरतं उठायचं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. गर्भ टिकावा म्हणून दर आठवड्याला एक सुई घ्यायची. हे मला माझ्या मॅडमनी शिकवलं होतं आणि त्यांना त्यांच्या सरांनी. शिकत असताना वॉर्डात अशा बायका मी रोज पाहत होते. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावून त्यांना आठवडेच्या आठवडे निजवलेलं असे. त्यावर कोणी प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मीही विचारला नाही.

मी मूळची लातूरकडची. नवऱ्याला पिरंगुटच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून अठ्ठ्याण्णव साली आम्ही इकडे आलो. भूगावात फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून शेतं दिसायची. पुढे तिथे दुसऱ्यांच्या गॅलऱ्या दिसू लागल्या. मी रोज स्कूटरवरून पौडला जायची. सकाळचा दवाखाना, मग डबा, मग संध्याकाळचा दवाखाना. सोनोग्राफीला पेशंट पुण्याला पाठवावा लागे, आणि साध्या डागासाठी कोणी पुण्याला जात नसे. हाताला आणि कानाला जे समजेल त्यावर काम चालायचं.

जवळच्या रिहे गावातली एक सून पहिल्यांदा आली तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दोन महिने वर झाले होते आणि आदल्या दिवशी डाग दिसला होता. बरोबर नवरा होता, तो बाहेरच्या बाकावर बसून राहिला. मी तपासलं, सुई दिली आणि नेहमीचं सांगितलं. तिने मान हलवली. आठवड्याने येऊन दुसरी सुईही घेऊन गेली.

पहिल्या भेटीनंतर दहा दिवसांनी सासू तिला जीपमधून घेऊन आली. रात्रीपासून खूप रक्त गेलं होतं. तपासल्यावर सगळं स्पष्टच होतं, करण्यासारखं फार उरलं नव्हतं. सासू पुण्याला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, ती त्याच सकाळी परतली होती. घरी नवरा-बायको दोघंच. भाताची रोपं निबर होत चालली होती, माणसं मिळत नव्हती, म्हणून सून दोन दिवस लावणीला उतरली होती.

"तुमी सांगितलं हुतं ना बाई, झोपून ऱ्हा म्हनून?" सासू मला म्हणाली. "ही गेली चिखलात. दोन दिस वाकली. आता भोगा."

सून टेबलावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हातमोजे काढत होते.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. "ऐकायला पाहिजे होतं."

बोलताना मला राग आलेला नव्हता. मी केसपेपरवर गोळ्या लिहून दिल्या, आठ दिवसांनी दाखवायला या म्हणून सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. ती पुन्हा दाखवायला आली नाही.

दोन वर्षांनी ती परत आली. पुन्हा दिवस गेले होते आणि पुन्हा सातव्या आठवड्यात डाग होता. या वेळी सासूने सगळं आपल्या हातात घेतलं. जीपच्या रस्त्याने पोरीला हिसके बसतील म्हणून तिने मलाच घरी यायला सांगितलं. दर बुधवारी सकाळचा दवाखाना लवकर आटपून मी रिह्याला जायची. माजघरात अंथरूण घातलेलं असायचं आणि सून त्यावर डाव्या कुशीला निजलेली असायची. जेवण तिथेच. केसही सासूच विंचरायची. मी सुई द्यायची, चहा प्यायची आणि निघायची. सून मला कधीच काही विचारायची नाही. एवढं काटेकोर झोपलेलं पेशंट मी वॉर्डातसुद्धा पाहिलं नव्हतं.

चौथ्या बुधवारी मी पोचले तेव्हा पोटात दुखायला लागलं होतं. मी जीप बोलवायला लावली आणि तिला पुण्याला पाठवलं. सोनोग्राफीत ठोके नव्हते. गर्भाची वाढ दोन आठवड्यांपूर्वीच थांबलेली होती. म्हणजे त्याच्या आदल्या बुधवारी मी सुई दिली, ती द्यायच्या आधीच सगळं संपलेलं होतं.

सासू रिपोर्ट घेऊन दवाखान्यात आली. तो तिला वाचता येत नव्हता, पण तिने तो माझ्यापुढे नीट उलगडून ठेवला.

"आता काय चुकलं?" ती म्हणाली.

"काही चुकलं नाही, मावशी."

"मंग? समदं केलं की. तुमी म्हनला तसं केलं. पानी प्यायलाबी उठू दिली न्हाई तिला."

बाहेर बाकावरच्या बायका ऐकत होत्या. गावात काय बोललं जातंय हे सासूनेच सांगून टाकलं: पहिल्या वेळेला चिखलात गेली तेव्हाच पिशवी दुखावली, आता ती काही धरत नाही. मी त्याला हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही.

"मी बघते," एवढंच म्हणाले.

काय बघणार होते, हे मला ठाऊक नव्हतं. घरी जाऊन कॉलेजची पुस्तकं काढली. झोपून राहण्याबद्दल दोन ओळी होत्या आणि त्या आज्ञार्थी होत्या. अशाने काय होतं, किती जणींना उपयोग होतो, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. याच पुस्तकात दुसऱ्या एका पानावर असंही छापलेलं होतं की सुरुवातीच्या महिन्यांत पडणारे बहुतेक गर्भ मुळातच नीट घडलेले नसतात. ते वाक्य मी परीक्षेसाठी पाठ केलेलं होतं. ही दोन पानं शेजारी ठेवून वाचायचं मला तोवर सुचलं नव्हतं.

दवाखान्यापासून चार दुकानं सोडून एक फोन बूथ होता. बूथवाल्यांना सगळा बाजार चाचा म्हणायचा. पन्नाशीचे, बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर ठेवायची सवय. त्यांचे आजोबा पौडात भांड्यांचं दुकान चालवायचे. फोनचा धंदा कमी व्हायला लागल्यावर चाचांनी काचेच्या खोक्यात एक कॉम्प्युटर बसवला होता आणि बाहेर 'इंटरनेट' असं रंगवून घेतलं होतं. हिंजवडीत नोकरीला लागू पाहणारी मुलं निकाल बघायला येत. बाकी वेळ चाचा त्यावर पत्ते खेळत बसलेले असत. मी येऊन बसायचंय म्हणाले तेव्हा त्यांनी घाईने खुर्ची पुसली.

पहिल्या दिवशी मी डागाबद्दलचे इंग्रजी शब्द लिहिले आणि गर्भ कसा वाचवावा असं विचारलं. पान वरून खाली उतरायला लागलं की मध्येच थांबायचं. जे आलं त्यात निम्म्या जाहिराती होत्या. कुठल्या तरी मुळीचा काढा होता, चुंबकाचा पट्टा होता. बाकीच्या पानांवर दूरदेशीच्या बायकांनी एकमेकींना लिहिलेलं होतं. मी अमुक आठवडे झोपून राहिले आणि माझं बाळ वाचलं. मी झोपले नाही, मी स्वतःला कधी माफ करणार नाही. मी अशी पत्रं तासभर वाचत बसले. ती खरी होती, पण त्यांतून मला काहीच ठरवता येत नव्हतं. रिह्याच्या सासूकडेही असाच एक अनुभव होता आणि तो उलटा होता.

मी रोज दुपारी डबा खाल्ल्यावर जाऊ लागले. वीज जायची तेव्हा चाचा आणि मी बूथच्या पायरीवर बसायचो. कुणाच्याही लेखात किती बायका होत्या, दुसऱ्या बाजूला कोणाशी तुलना केली होती, पैसा कोणी पुरवला होता, हे आधी बघायचं, असं मी हळूहळू शिकले. कोणी शिकवलं नाही. चुकीच्या पानांवर इतके दिवस गेले की पानाचा चेहरा बघून अंदाज यायला लागला. ज्या पानावर खात्री फार, त्यावर माहिती थोडी. मग एके दिवशी एका अशा संग्रहात पोचले जिथे जगभरातल्या डॉक्टरांचे लेख नुसते सारांशाने ठेवलेले होते. तिथून आणखी एका ठिकाणी, जिथे एकाच प्रश्नावर झालेले सगळे प्रयोग गोळा करून, कच्चे बाजूला काढून, उरलेल्यांचा एकत्र अर्थ लावलेला असे. त्या माणसांच्या कामाची पद्धत मला आवडली. ठामपणे बोलायची त्यांना घाई नव्हती.

चाचा शेजारी स्टूल ओढून बसायचे. एकदा म्हणाले, "डॉक्टरबाई, राग येऊ देऊ नका. एवढं शोधताय, म्हणजे कालेजात शिकवलं न्हवतं का?"

"शिकवलं होतं. ते खरं आहे का ते बघतेय."

"आन् खोटं निघालं तर?"

मी पुढचं पान उघडलं. तुलना म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी सांगितलं की बायकांचे दोन गट करायचे, एकीकडे झोपायला सांगायचं आणि दुसरीकडे नाही, मग मोजायचं.

"हां," चाचा म्हणाले. "आमच्या भावानं केलं हुतं असं. माले गावात त्याचं वावर हाय. निम्म्यात नवं बी, निम्म्यात जुनं. नव्याचं भात लई आलं. पुढच्या साली सगळीकडं नवंच टाकलं, तर काय न्हाई, जेमतेम."

"असं कसं?"

"नवं बी वढ्याकडच्या अंगाला टाकलं हुतं ना. तितं आधीपासूनच चांगलं यायचं."

मी तेवढ्यात हसले आणि मग थांबले. आमच्याकडेही ओढा होता. साधा डाग दिसणाऱ्या आणि बाकी ठीक असलेल्या बायका झोपून राहायच्या, त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळ टिकायचं. ते तसंही टिकलं असतं. श्रेय सुईला आणि अंथरुणाला जायचं. ज्यांचं टिकायचं नाही, त्या कधी ना कधी उठलेल्या असायच्याच, कारण कोणती बाई महिनाभर उठत नाही? दोष त्या उठण्याला जायचा. माझा सल्ला कधी चुकूच शकत नव्हता, अशी ती सगळी रचना होती. म्हणून कोणत्या गटात कोणी जायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, हे मी चाचांना सांगितलं. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला आणि म्हणाले, "भावाला सांगतो."

झोपून राहण्यावरचा आढावा मला सापडला तो असाच, एका दुपारी. सारांश अर्ध्या पानाचा होता. प्रयोग मोजके झाले होते, बायका थोड्या होत्या, आणि झोपून राहिल्याने गर्भ टिकतो असा पुरावा मिळत नव्हता. मी ते तीनदा वाचलं. झोपण्याचा उपयोग होत नाही, असं त्यात म्हटलेलं नव्हतं. होतो असं म्हणायला आधार नाही, एवढंच म्हटलेलं होतं. या दोन वाक्यांतला फरक मी कधी कुणाला सांगितला नव्हता, कारण मला तो कळलेलाच नव्हता. सुईबद्दलही लोक अजून भांडत होते, पण डागासाठी सरसकट द्यावी असं म्हणायला कोणी तयार दिसत नव्हतं.

मी चाचांकडून ते पान छापून घेतलं. घरी जाऊन नवऱ्याला दाखवलं. त्याने वाचलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं सगळे का सांगतायत?"

"काहीतरी सांगावं लागतं म्हणून," मी म्हणाले. बोलल्यावर मला कळलं की हेच खरं कारण असावं.

त्यानंतर मी झोपायला सांगणं बंद केलं. धाडसाने नाही, चाचरत केलं. डाग दिसतोय म्हणून बाई आली की मी म्हणायची, नेहमीचं काम कर, दमलीस तर बस, फार गेलं किंवा दुखलं तर लगेच ये, आणि जमलं तर सोनोग्राफी करून घे. सुई द्यायची नाही. बरोबर आलेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. डॉक्टरने काही करू नये आणि तरी तपासणी लिहून द्यावी, हे कोणाला पटेल? बाजाराच्या दुसऱ्या टोकाला दुसरे एक डॉक्टर होते, ते सुई द्यायचे, झोपायलाही सांगायचे. बऱ्याच जणी तिकडे गेल्या. त्यांतल्या पुष्कळ जणींची बाळंतपणं सुखरूप झाली, आणि त्यांच्या घरच्यांना वाटलं की बरं झालं, तिकडे गेलो. आता त्यावर मला म्हणण्यासारखं काही नव्हतं.

रिह्याला मात्र मी गेले नाही. हे नीट सांगायला हवं, कारण या सगळ्यात माझं सगळ्यात वाईट वागणं तेच होतं. ते पान माझ्या पर्समध्ये घडी घालून होतं. घडीवर ते फाटायला लागलं, मी चिकटपट्टी लावली. दोन पावसाळे गेले. मी स्वतःला सांगायची की अजून पुरेसं वाचलेलं नाही, आणखी प्रयोग होतील, मग खात्रीने सांगता येईल. ही सबब शास्त्रीय वाटायची.

चाचांना मी पेशंटचं नाव-गाव कधीच सांगितलं नव्हतं. पण एकदा वीज गेली असताना पायरीवर बसून ते सहज म्हणाले, "नवीन येतात त्यांना तुमी सांगताय आता. पन ज्यांना झोपवलं, आन् तरी गेलं, त्यांना कोन सांगनार?"

मी म्हणाले, "त्या विसरल्या असतील."

चाचा उठून बूथ झाडायला लागले. त्यांच्या पत्नीचंही लग्नानंतर एकदा गेलं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं, आणि तेही त्यांच्याकडून नव्हे.

भातं झोडून झाली होती तेव्हा मी रिह्याला गेले. अंगणात सासू सूप घेऊन पाखडत होती. सून पोतं शिवत होती. ती आधीपेक्षा रोड दिसत होती. दोघींनी मला ओळखलं, घोंगडी टाकली. सून पाणी घेऊन आली. मी बसले आणि कुठून सुरुवात करावी ते सुचेना म्हणून सरळ बोलले.

"पहिल्या वेळी तू लावणीला गेलीस म्हणून मी तुला बोलले होते. तेव्हा मी चुकीचं बोलले. चिखलात गेलीस म्हणून ते गेलं, असं म्हणायला काही आधार नाही. झोपली असतीस तरी गेलं असतं, बहुतेक. दुसऱ्या वेळी झोपलीस, तरी गेलंच."

सासूने सूप खाली ठेवलं. "मंग तवा कशापायी म्हनलात?"

"मला तसं शिकवलं होतं. मी तपासून बघितलं नव्हतं."

"आन् आता कुनी सांगितलं?"

मी पान काढून दाखवलं. इंग्रजी होतं, चिकटपट्टी लावलेलं. तिने ते हातात घेतलं नाही, नुसतं बघितलं. सुनेने घेतलं. ती सातवीपर्यंत शिकलेली होती. अक्षरांवरून तिने बोट फिरवलं आणि घडी घालून मला परत दिलं.

"मला म्हाईत हुतं," ती म्हणाली.

"काय?"

"चिखलात जायच्या आधीच गेलं हुतं ते. मला लई उलट्या व्हायच्या, त्या एकदम थांबल्या. छाती दुखायची, तीबी थांबली. सुई घ्यायला आले तवा तुमाला म्हनले की, उलट्या थांबल्या. तुमी म्हनलात, चांगलं हाय."

तिचा आवाज चढला नाही. सासू तिच्याकडे बघत होती. हे तिनेही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

"मंग बोलली का न्हाईस?" सासू म्हणाली.

"कुनाला बोलायचं? डॉक्टरीणबाई म्हनल्या ऐकायला पायजे हुतं. तुमीबी तेच म्हनला."

कोंबड्या सांडलेल्या दाण्यांवर आल्या, सासूने त्यांना हाकललं. तिने सुनेची माफी मागितली नाही. ती मागेल असं मला वाटलंही नव्हतं. ती मला म्हणाली, "बरं, ऱ्हायलं ते. आता हिला दिस गेले तर काय करायचं, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी जुने केसपेपर काढले. कपाटाच्या तळाला गठ्ठे होते. तिचा पेपर सापडला. दुसऱ्या सुईच्या दिवसाची नोंद माझ्याच अक्षरात होती: उलट्या बंद. पुढे तीच सुई, तोच सल्ला. जगभरातले आढावे शोधत मी महिनोन्महिने चाचांच्या खोक्यात बसले होते, आणि ही बाई समोर बसून मला स्वतःच्या अंगातलं सांगून गेली होती ते मी लिहून घेऊनही वाचलं नव्हतं.

दोनदा गेल्यावर कोणत्या तपासण्या कराव्यात तेही मी तोवर वाचलं होतं. त्यांना पुण्याला पाठवलं. काही निघालं नाही. काही न निघणं चांगलं असतं, अशा बऱ्याच जणींना पुढच्या वेळी कोणतंही औषध न देता मूल होतं, हे मी त्यांना सांगितलं. सासूला 'बऱ्याच' हा शब्द पटला नाही. "व्हईल का न्हाई, ते सांगा," ती म्हणाली. "ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. तिने आपल्या मुलाकडे असं बघितलं, की हिच्याकडे कशाला आलो.

पण त्या माझ्याकडेच आल्या. वर्षभराने दिवस गेले. तोवर घरी इंटरनेट आलं होतं आणि पूर्वी पैसे भरल्याशिवाय न उघडणारे आढावे आपल्या देशातून फुकट उघडू लागले होते. मी अख्खे लेख वाचू शकत होते. त्यातलं एक मला पटलं होतं. अशा बायकांना वरचेवर भेटत राहावं, त्यांचं ऐकावं, त्यात निदान नुकसान नव्हतं. मी तिला दर दहा दिवसांनी बोलवत होते. या वेळी मी उलट्यांबद्दल विचारायची आणि ती जे सांगेल ते पूर्ण ऐकायची.

दहाव्या आठवड्यात पुन्हा डाग दिसला. सासू आणि ती, दोघी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पायरीवर बसलेल्या होत्या.

"सुई द्या," सासू म्हणाली.

"सोनोग्राफी करून या आधी."

"सुई द्या आन् मग करतो. एक सुई दिल्यानं तुमचं काय जातंय?"

माझं खरंच काही जात नव्हतं. सुईची बाटली फ्रीजशेजारच्या खणात होती. ती मी टाकून दिलेली नव्हती. मी उठून खणापर्यंत गेले, हे मला आठवतं. तिथे उभी राहिले. सून म्हणाली, "उलट्या हायेत अजून. काल तीनदा झाल्या." ती सासूला सांगत होती की मला, ते कळलं नाही. मी खण न उघडता परत आले आणि चिठ्ठी लिहिली.

ठोके होते. सोनोग्राफीवाल्यांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी एका मुलाच्या कानात बॅटरी धरून बघत होते. मी 'ठीक आहे' म्हणाले आणि कान बघणं पुरं केलं.

संध्याकाळी दोघी परत आल्या. झोपायचं का, असं सुनेने विचारलं. मी म्हणाले, "झोपावंसं वाटलं तर झोप. पण झोपलीस म्हणून टिकेल आणि उठलीस म्हणून जाईल, असं नाही. पुढे काही झालं तरी ते तुझ्यामुळे झालं, असं मी म्हणणार नाही. आणि कोणाला म्हणू देणार नाही." शेवटचं वाक्य सासूसाठी होतं. तिला ते समजलं. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मी कुटं काय म्हनतिया."

मुलगी झाली, पौडच्याच सरकारी दवाखान्यात, नीट वजनाची. सासूने डोंगरावरच्या देवीला नारळ दिले. चाचांनी, कोणाचं मूल हे माहीत नसतानाही, 'त्या केसचं' काय झालं म्हणून विचारलं आणि मी सांगितल्यावर कॉम्प्युटरच्या डोक्यावर थाप मारली. मला आनंद झाला होता, पण तो मी कशाच्या नावावर टाकला नाही. एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. मी सुई दिली असती तरी ही मुलगी झालीच असती, आणि मग मी आयुष्यभर सुया देत राहिले असते.

पुढे चाचांनी बूथ बंद करून मोबाइलचं दुकान केलं. हिंजवडीला जाणारी मुलं फोनवरच सगळं बघायला लागली होती. माझ्याकडे छापील पानं घेऊन येणारे पेशंट वाढले. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई रात्री काहीतरी शोधून पाठवायचा. त्यात बहुतेक जाहिराती असायच्या. मी ती पानं त्यांच्याबरोबर बसून वाचायची. हे कोणी लिहिलंय बघा, किती माणसांवर केलंय बघा. काहींना ते आवडायचं. काही जण पान माझ्या हातातून काढून घ्यायचे.

दोन हजार दहाच्या सुमाराला मालेची एक बाई आली, तिसऱ्या महिन्यात, डाग घेऊन. रिह्याच्या सासूने तिला पाठवलं होतं. दोघी नात्यातल्या होत्या.

"त्या म्हनल्या, बाई सुई देत न्हाईत, तू हट्ट करू नगंस," ती म्हणाली.

मी तिला सगळं सांगितलं. किती वेळा काय होतं, काय माहीत आहे, काय माहीत नाही. तिने शांतपणे ऐकलं, एक-दोन प्रश्न विचारले, चिठ्ठी घेतली. बाहेर पडल्यावर ती बाजाराच्या दुसऱ्या टोकाकडे, त्या डॉक्टरांच्या दवाखान्याकडे वळली. मी दारातून बघितलं. तिचं पुढे काय झालं, ते मला कळलं नाही.